स्कीच्या बुटात पाय का दुखतो? माप, मोजा आणि बकलांची गोष्ट

गुलमर्ग : जानेवारी-फेब्रुवारीच्या दिवसांत गुलमर्गमधील नवशिक्यांच्या सौम्य उतारांवर एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. मुंबई, पुणे, अहमदाबाद किंवा बेंगळुरूहून आलेला एखादा पर्यटक तासाभरातच बर्फावर बसकण मारतो, वाकून बुटाची बकले उघडतो आणि सुटकेचा श्वास टाकतो. तो थकलेला नसतो, पडून त्याला मारही लागलेला नसतो. त्याचे पाय दुखत असतात. कोणाची नडगी ठणकते, कोणाच्या बोटांना मुंग्या येतात, तर कोणाच्या तळपायात असा गोळा येतो की पाऊल टेकवणे अवघड होते. वर्षभर रजा साठवून आणि बराच पैसा खर्चून आखलेल्या सहलीचे दोन-तीन दिवस अशा रीतीने बुटांपायी वाया जातात. ‘हा खेळ आपल्यासाठी नाही’ असा निष्कर्ष काढून अनेक जण परततात.

हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो. स्कीचा बूट चपलेइतका सुखकर कधीच नसतो, हे खरे. तो घट्ट असतो, जड असतो आणि त्यात चालणे बेढबच दिसते. परंतु घट्टपणा वेगळा आणि वेदना वेगळी. पावलाला चहूबाजूंनी सारखा दाब जाणवणे हे योग्य बुटाचे लक्षण आहे. एकाच ठिकाणी टोचणे, जळजळणे किंवा बधिरपणा येणे हे चुकीच्या बुटाचे, चुकीच्या मोज्याचे किंवा चुकीच्या पद्धतीने बूट घातल्याचे लक्षण आहे. या तिन्ही चुका टाळता येण्याजोग्या आहेत आणि त्यासाठी फारसा खर्चही येत नाही.

या बुटाचे काम नेमके कोणते, हे आधी समजून घेतले पाहिजे. टांगमर्ग आणि गुलमर्गमध्ये पर्यटकांना भाड्याने मिळणारे गमबूट पाय कोरडे ठेवण्यासाठी असतात. ते थोडे सैल असले तरी बिघडत नाही. स्कीच्या बुटाचे मुख्य काम मात्र पायाची हालचाल खालच्या फळीपर्यंत पोहोचवणे हे आहे. स्कीवर वळायचे असेल तर नडगी पुढे आणि किंचित बाजूला कलते. तो कल बुटामार्फत फळीच्या धारेवर उतरतो आणि धार बर्फात रुतून वळण घेते. बुटात पाय हलत राहिला, तर हा संदेश अर्ध्या वाटेत विरतो. म्हणून या बुटाचे दोन भाग असतात. बाहेर प्लॅस्टिकचे टणक कवच असते आणि आत फोमचे मऊ अस्तर. या अस्तराला बाजारात लायनर म्हणतात. कवचावर सामान्यतः चार बकले असतात आणि सर्वांत वर नडगीभोवती आवळायचा एक रुंद पट्टा.

बूट पूर्वी असे नव्हते. १९६० च्या दशकापर्यंत स्कीपटू नाड्यांचे, आणि नंतर बकलांचे, चामडी बूट वापरत. ते ओले होत, ताणले जात आणि घोट्याला फारसा आधार देत नसत. त्याच दशकात अमेरिकेतील बॉब लांगे यांनी प्लॅस्टिकचे बूट बाजारात आणले आणि काही वर्षांत चामड्याचा जमाना संपला. उंच व टणक बुटांमुळे आणि पडताच पाय मोकळा करणाऱ्या सुधारित बंधनांमुळे घोट्याचे व नडगीचे अस्थिभंग पुढील काळात लक्षणीयरीत्या घटले. गुडघ्याच्या अस्थिबंधांच्या दुखापती मात्र ठळकपणे पुढे आल्या. वेदनेचे स्वरूपही पालटले. चामडे पायाच्या आकाराप्रमाणे हळूहळू वळते, प्लॅस्टिक वळत नाही. तेव्हा पायाजोगा बूट शोधणे हे काम माणसाकडे आले.

मोठा बूट अधिक दुखवतो

स्कीच्या बुटांबाबत सर्वाधिक फसवणारी गोष्ट हीच. पाय दुखतो म्हणून मोठ्या मापाचा बूट मागणे ही आपली स्वाभाविक प्रतिक्रिया असते. भाड्याच्या दुकानात गर्दीच्या वेळी हीच मागणी चटकन पूर्णही होते, कारण मोठा बूट पायात सहज जातो आणि गिऱ्हाईक समाधानाने बाहेर पडते. खरी परीक्षा उतारावर सुरू होते.

मोठ्या बुटात टाच जागेवर राहत नाही, प्रत्येक वळणाला ती वर उचलली जाते. टाच उचलली की पाऊल पुढे सरकते आणि बोटे बुटाच्या टोकावर आदळतात. दिवसभर असे आदळत राहिल्याने अंगठ्याच्या नखाखाली रक्त साकळते व नख काळे पडते. पाय सरकतो म्हणून मनुष्य बोटांनी तळ घट्ट धरून ठेवण्याचा नकळत प्रयत्न करतो. त्या सततच्या आवळण्याने तळपायात गोळे येतात. मग तो बकले अधिकाधिक आवळतो. कवच वरून दाबले जाते आणि पावलाच्या उंचवट्यावर, जेथे त्वचेखाली लगेच नसा आणि रक्तवाहिनी असते, तेथे दाब पडून बोटे बधिर होतात व गार पडतात. मोठ्या मापाने सुरू झालेले दुखणे अशा रीतीने नख, तळवा आणि बोटे या तिन्ही ठिकाणी पोहोचते, आणि ज्याचे पाय दुखतात त्याला मात्र बूट लहान असल्याचीच खात्री वाटत राहते.

बूट खरोखरच लहान असण्याचीही उदाहरणे असतात. दोहोंमधला फरक ओळखण्याची एक साधी रीत आहे. बूट घालून, बकले लावून सरळ उभे राहिल्यावर बोटांची टोके पुढील भागाला हलकेच स्पर्श करतात, हे योग्यच आहे. आता गुडघे वाकवून नडगी पुढे रेलावी. टाच मागे सरकते आणि बोटे टोकापासून किंचित सुटतात. तशी ती सुटली तर माप बरोबर. पुढे रेलूनही बोटे दुमडलेलीच राहिली तर बूट लहान, आणि सरळ उभे असतानाही बोटे कोठेच लागत नसतील तर बूट मोठा. नवखा मनुष्य दुकानात सरळ उभा राहतो, बोटे टेकतात म्हणून घाबरतो आणि पुढचे माप मागतो. येथेच पहिली चूक होते.

माप सेंटिमीटरमध्ये

स्कीच्या बुटांचे माप नेहमीच्या पादत्राणांच्या क्रमांकात नसते. मोंडोपॉइंट नावाच्या पद्धतीत ते पावलाच्या लांबीवरून ठरते आणि सेंटिमीटरमध्ये सांगितले जाते. पाऊल साडेसव्वीस सेंटिमीटर लांब असेल तर बूट २६.५ चा. त्यामुळे आठ किंवा नऊ क्रमांकाची चप्पल वापरतो, असे दुकानात सांगण्यापेक्षा घरूनच लांबी मोजून जाणे उत्तम. भिंतीला टाच टेकवून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन कागदावर उभे राहावे आणि सर्वांत लांब बोटाच्या टोकापाशी खूण करावी. हे लांब बोट काहींच्या बाबतीत अंगठ्याशेजारचे असते, हे ध्यानात ठेवावे. दोन्ही पाय मोजणे आवश्यक आहे, कारण अनेकांच्या दोन पावलांत थोडा फरक असतो. आपण दैनंदिन बूट सैलसर वापरतो. म्हणून रूपांतराच्या कोष्टकावरून माप मागितल्यास बहुधा मोठाच बूट हाती येतो.

एक बारीक तपशील फार थोड्या ग्राहकांना ठाऊक असतो. बहुतेक कंपन्या अर्ध्या मापासाठी वेगळे कवच बनवत नाहीत. २६ आणि २६.५ यांचे कवच सहसा एकच असते, फरक असलाच तर तो आतील अस्तरात किंवा पायतळीच्या पातळ थरात. त्यामुळे २६ टोचतो म्हणून २६.५ घेतला, तर प्रत्यक्षात फारसे काही बदलत नाही.

माप पडताळण्याची खात्रीशीर पद्धत म्हणजे अस्तर बाहेर काढून नुसत्या कवचात पाय घालणे. बोटे पुढील टोकाला जेमतेम टेकवावीत आणि टाचेमागे किती जागा उरते ते पाहावे. दीड ते दोन सेंटिमीटर, म्हणजे साधारण एका बोटाहून थोडी अधिक जागा, हौशी स्कीपटूसाठी योग्य मानली जाते. तीन सेंटिमीटर जागा उरली तर तो बूट परत करावा, मग अस्तरासह तो कितीही मऊ वाटो. शर्यतीत उतरणारे खेळाडू एक सेंटिमीटर किंवा त्याहूनही कमी जागा ठेवतात. त्यांचे बूट पर्यटकाने पाहून हेवा करावा असे नसतात. दोन धावांच्या मध्ये तेही बकले उघडून बसतात. बीजिंग येथील २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचे एकमेव प्रतिनिधी असलेले आरिफ खान याच परिसरात स्की शिकले. गुलमर्गच्या उतारांवर असे घट्ट बूट घातलेली मुले-मुली आजही सराव करताना दिसतात. नवख्याने त्यांचे अनुकरण करण्याचे कारण नाही.

लांबीनंतर प्रश्न येतो रुंदीचा आणि भारतीयांच्या दृष्टीने तो अधिक महत्त्वाचा आहे. चेन्नई येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांच्या पावलांची त्रिमितीय मोजणी केली. त्यावरून पादत्राणांसाठी ‘भा’ ही स्वतंत्र भारतीय मापपद्धती प्रस्तावित झाली. भारतीयांचे पाऊल युरोपीय व अमेरिकी पावलापेक्षा रुंद असल्याचे या पाहणीतून दिसून आले. स्कीचे बूट मात्र प्रामुख्याने युरोप आणि अमेरिकेच्या बाजारपेठेसाठी घडवलेले असतात. त्यांची रुंदी चवड्यापाशी मिलिमीटरमध्ये सांगितली जाते. ९७-९८ मिलिमीटर म्हणजे अरुंद, १०० मध्यम आणि १०२ ते १०४ रुंद. हे आकडे साधारणपणे २६.५ या मापासाठी असतात. बूट लहान-मोठा झाला की रुंदीही त्या प्रमाणात बदलते. लहानपणापासून अनवाणी किंवा चपलेत वावरलेल्या, पसरट चवड्याच्या माणसाने ९८ मिलिमीटरचा बूट घातला, तर करंगळीच्या मुळाशी असलेल्या हाडावर असह्य दाब येणारच. अशा वेळी लांबी वाढवून रुंदी मिळवणे ही दुसरी मोठी चूक होय. लांबी तीच ठेवून रुंद साच्याचा बूट मागावा. गुलमर्ग, औली किंवा सोलंग येथील भाड्याच्या दुकानांत प्रत्येक वेळी तो मिळेलच असे नाही, परंतु मागितल्याशिवाय तो पुढे येत नाही, हेही खरे.

कडकपणाचे आकडे

बुटाच्या बाहेरच्या बाजूस अनेकदा ७०, ९०, १२० असा एखादा आकडा छापलेला आढळतो. तो बुटाचा कडकपणा दर्शवतो. साठ ते ऐंशी नवशिक्यांसाठी, नव्वद ते एकशे दहा सरावलेल्यांसाठी आणि त्यापुढील निष्णात स्कीपटूंसाठी, अशी ढोबळ विभागणी आहे. स्त्रियांच्या बुटांत हे आकडे सामान्यतः थोडे कमी असतात. या मोजणीला सर्वमान्य प्रमाण नसल्याने एका कंपनीचा ९० दुसरीच्या १०० इतका कडक असू शकतो. शिवाय थंडीत प्लॅस्टिक ताठरते. खोलीच्या उबेत सहज वाकणारा बूट अफरवटच्या माथ्यावर हटून बसतो. गोंडोलाने गुलमर्गच्या सुमारे २,६५० मीटर उंचीवरून ३,९०० मीटरच्या पुढे जाता येते. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी तापमान घटते हे धरले, तर वर-खाली आठ अंशांचा फरक सहज पडतो. नवख्याच्या पायात फार कडक बूट असला की त्याला नडगी पुढे रेलता येत नाही. तो मागे झुकतो आणि बुटाची वरची कड पोटरीत व नडगीवर आलटूनपालटून आदळत राहते.

नडगीचे हे दुखणे जगभरच्या स्कीपटूंना परिचित आहे. त्याचे मूळ बहुधा नडगी आणि बुटाची जीभ यांच्यामधील पोकळीत असते. वरची दोन बकले आणि पट्टा सैल ठेवला की पोकळी वाढते आणि प्रत्येक हेलकाव्याला हाडावर ठोका बसतो. म्हणजेच येथे उपाय सैल करण्याचा नसून नेमके आवळण्याचा आहे. उष्ण कपड्यांची विजार बुटात खोचणे हे दुसरे कारण. तिची शिवण किंवा घडी हाडावर दाबली जाते आणि संध्याकाळपर्यंत तेथे लाल वळ उठतो. विजार बुटाच्या वरच संपावी किंवा वर दुमडून घ्यावी. बुटात मोज्याखेरीज काहीही नसावे.

मोजाही एकच असावा, आणि तो पातळ असावा. थंडीच्या भीतीने दोन-दोन लोकरी मोजे घालणे हा सर्वाधिक प्रचलित गैरसमज. जाड मोजा बुटातील जागा खातो, रक्तप्रवाह दाबतो आणि त्यामुळे पाय उलट लवकर गारठतो. दोन मोजे एकमेकांवर सरकून घड्या पडतात आणि फोड येतात, ते वेगळेच. सुती मोजा घाम धरून ठेवतो म्हणून तोही टाळावा. गुडघ्याखालपर्यंत येणारा मेरिनो लोकरीचा किंवा घाम शोषून बाहेर टाकणाऱ्या कृत्रिम धाग्याचा एक पातळ मोजा पुरेसा असतो. प्रत्येक दिवशी धुतलेला, कोरडा मोजा वापरावा. हा मोजा सहलीच्या साहित्यात सर्वांत स्वस्त आणि कदाचित सर्वांत उपयोगी असतो.

बूट घालण्याचीही रीत आहे

थंडीने ताठरलेला बूट पायात जात नाही. म्हणून तो रात्री गाडीत किंवा व्हरांड्यात न ठेवता खोलीत ठेवावा. घालताना सर्व बकले पूर्ण उघडून जीभ पुढे ओढावी. पाय आत गेल्यावर टाच जमिनीवर दोन-चार वेळा आपटावी, म्हणजे ती मागील खोबणीत नीट बसते. त्यानंतर सर्वांत आधी घोट्यावरचे बकल लावावे, कारण टाच धरून ठेवण्याचे काम तेच करते. मग नडगीवरची दोन बकले, पट्टा आणि शेवटी चवड्यावरचे बकल. चवड्यावरचे बकल केवळ मिटण्यापुरते लावावे, ते आवळण्यासाठी नसते. आता दहा-बारा वेळा गुडघे पुढे वाकवावेत. पाय आणखी मागे सरकतो, बकले सैल वाटू लागतात आणि पुन्हा एक-एक खाच घट्ट करता येतात. बहुतेक बुटांत बकलाची तार फिरवून लांबी मिलिमीटरभर कमी-अधिक करण्याची सोय असते. एक खाच फार घट्ट आणि अलीकडची फार सैल, अशी तक्रार असेल तर ही तार फिरवावी. अलीकडच्या काही नव्या बुटांत चवड्यावरील बकलांऐवजी चकती फिरवून तार आवळण्याची व्यवस्था आली आहे. तीत दाब सारखा पसरतो. भाड्याच्या दुकानांत हे बूट अद्याप क्वचितच दिसतात.

गोंडोलात किंवा खुर्चीच्या पाळण्यात बसल्यावर खालची बकले उघडून बोटे हलवावीत आणि उतरण्यापूर्वी ती पुन्हा लावावीत. दिवसभरात, विशेषतः उंचीवर, पावले थोडी सुजतात. सकाळी योग्य वाटलेली खाच दुपारी घट्ट वाटू शकते. बकले लावून दोनशे मीटर चालत जाणे, जिने चढणे हे पायांना आणि बुटांच्या तळांनाही छळणारे असते. चालताना वरची बकले सैल ठेवावीत.

काही दुखणी बुटापेक्षा शरीराच्या घडणीशी निगडित असतात. हा बूट घोट्याला कायम पुढे कललेल्या स्थितीत ठेवतो. ज्यांचा घोटा तेवढा वाकत नाही, त्यांची टाच बुटात वर उचलली जाते आणि पोटरी ताठरते. याची परीक्षा आपल्याकडे सोपी आहे. टाचा जमिनीला टेकवून उकिडवे बसता येते का, ते पाहावे. खेड्यातील वृद्धांना सहज साधणारी ही बैठक खुर्चीला सरावलेल्या अनेक शहरी तरुणांना जमत नाही. ती जमत नसेल तर प्रवासाच्या महिनाभर आधीपासून पोटरी ताणण्याचे व्यायाम करावेत आणि बुटात टाचेखाली काही मिलिमीटरची पातळ पाचर ठेवून पाहावी. तळपायाची कमान बसकी किंवा फार उंच असलेल्यांना योग्य आधाराची पायतळी घातल्याने मोठा फरक जाणवतो. कमानीला आधार मिळाला की पाऊल भाराखाली पसरत आणि लांबत नाही, तळव्याचे गोळेही थांबतात. धावण्याच्या बुटांसाठी अशी पायतळी वापरत असाल तर ती सोबत न्यावी आणि मूळची पायतळी काढून बसते का ते पाहावे. नखे मात्र निघण्याच्या दोन दिवस आधी कापलेली असावीत. इतकी साधी सूचना लिहावी लागते, कारण काळ्या नखांची निम्मी कहाणी तेथेच असते.

बूट बदलला तर बंधनही बदलावे

वेदनेवर उपाय म्हणून केली जाणारी एक गोष्ट मात्र धोक्याची आहे. सकाळी मिळालेला बूट दुखतो म्हणून दुपारी मित्राशी अदलाबदल केली जाते किंवा दुकानातून दुसरा बूट आणून त्याच स्कीवर चढवला जातो. स्कीवर बूट पकडून ठेवणारे बंधन पडताना सुटावे लागते. ते किती जोराला सुटावे हे स्कीपटूचे वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळाची लांबी यांवरून ठरवले जाते. ही लांबी बुटाच्या टाचेजवळ ३०५, ३१५ अशी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. एकाच मापाच्या दोन कंपन्यांच्या बुटांत ती वेगळी असू शकते. बूट बदलून बंधन तसेच ठेवले, तर ते चालता चालता सुटेल किंवा, अधिक वाईट म्हणजे, पडताना सुटणारच नाही आणि पिळवटण्याचा सारा जोर गुडघ्यावर येईल. म्हणून बूट जरूर बदलावा, पण स्की आणि दोन्ही बूट सोबत घेऊन दुकानात जावे व बंधन पुन्हा जुळवून घ्यावे. बूट बंधनात घालण्यापूर्वी तळाला चिकटलेला बर्फ झटकणेही याच कारणासाठी आवश्यक असते.

तळ फार झिजलेला, बकल तुटलेले किंवा कवचाला चीर गेलेला बूट भाड्याने घेऊ नये. प्लॅस्टिकचेही वय असते. न वापरता ठेवलेले जुने कवचदेखील काही वर्षांनी ठिसूळ होते आणि उतारावर अचानक फुटू शकते. अस्तर दाबून पाहावे. दीर्घ वापराने त्यातील फोम बसलेला असेल, तर घोट्याची हाडे थेट कवचावर घासतात.

थंडीतील बधिरता गांभीर्याने घेतली पाहिजे. बकले सैल करून, बोटे हलवून काही मिनिटांत संवेदना परत येत असेल तर चिंता नसते. ती परत येत नसेल, त्वचा पांढुरकी किंवा मेणासारखी दिसत असेल, तर हिमदाहाची शक्यता असते आणि त्या दिवसापुरते स्कीइंग थांबवावे लागते. अशा पायावर बर्फ चोळू नये, तो शेगडीजवळ धरू नये. बधिर त्वचेला भाजल्याचे कळत नाही. पुन्हा गारठण्याची शक्यता नसेल अशा ठिकाणी पोहोचल्यावर ३७ ते ३९ अंश सेल्सिअस कोमट पाण्यात पाय ठेवावा आणि डॉक्टरांना दाखवावे. धूम्रपानाने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून थंडीत ऊब मिळते या समजुतीने ओढलेली सिगारेट पायांच्या विरोधातच जाते.

मधुमेहींनी विशेष काळजी घ्यावी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात मधुमेहाचे दहा कोटींहून अधिक रुग्ण आहेत. त्यांपैकी अनेकांच्या पायांची संवेदना कमी झालेली असते. ज्या वेदनेबद्दल हा सारा लेख आहे, ती वेदनाच त्यांना जाणवत नाही. फोड, जखम किंवा गारठा लक्षात न येता वाढत जातो. अशांनी प्रवासापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, दर दोन तासांनी बूट काढून पाहावे आणि संध्याकाळी उजेडात तळवे, टाचा व बोटांच्या मधल्या बेचक्या तपासाव्यात. दुखत नाही म्हणजे ठीक आहे, हा नियम त्यांना लागू नाही.

बूट वाळवण्याबाबत काश्मीरमध्ये एक विशिष्ट मोह असतो. खोलीत बुखारी धगधगत असते आणि ओले बूट तिच्या अगदी जवळ ठेवावेसे वाटतात. थेट आचेने प्लॅस्टिकचा आकार बिघडतो आणि अस्तराचा फोम आक्रसतो. अस्तर बाहेर काढून, त्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते बुखारीपासून चार-पाच हात दूर ठेवावे. तासाभराने कागद बदलावा. सकाळपर्यंत ते कोरडे होते.

विकत घ्यावेत की भाड्याने, हा प्रश्न एखाद्या सहलीपुरत्या हौशीसाठी नाही. नवे चांगले बूट पन्नास हजार रुपयांच्याही पुढे जातात. परंतु जो दर हिवाळ्यात जातो किंवा गुलमर्ग येथील भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्थेसारख्या ठिकाणी प्रशिक्षणक्रम करतो, त्याने स्कीआधी बूट विकत घ्यावेत, हा सल्ला योग्यच आहे. भाड्याची स्की चालते, भाड्याचा बूट नेहमीच दुसऱ्याच्या पायाने घडलेला असतो. युरोप-अमेरिकेतील स्कीच्या गावांत बूट जुळवून देणे हा स्वतंत्र व्यवसाय आहे. तेथील कारागीर कवच तापवून दुखऱ्या हाडापुरता फुगवटा काढतात, काही जागी ते खरवडतात आणि अस्तर भट्टीत गरम करून पायावर घडवतात. भारतात अशी सोय मोजकीच आहे. त्यामुळे ऑनलाइन सवलत पाहून बूट मागवणे येथे अधिकच जोखमीचे ठरते. नवा बूट किंचित अधिक घट्ट निवडावा, कारण आठ-दहा दिवसांच्या वापराने अस्तर दबून जागा होते. सैल बूट मात्र आणखी सैलच होत जातो.

मुलांच्या बाबतीत आपल्याकडची ‘वाढत्या अंगाचे’ घेण्याची सवय येथे आड येते. शाळेचा गणवेश एक वर्ष मोठा घेतला तर चालतो. एक माप मोठा स्कीचा बूट घातलेले मूल वळूच शकत नाही, वारंवार पडते आणि थंडीने रडते. मुलांसाठी दर हंगामात भाड्याचा, नेमक्या मापाचा, मऊ बूट घ्यावा. दुखते कोठे हे लहान मुलांना नीट सांगता येत नाही. म्हणून पहिल्या तासानंतर बूट काढून मोजा उतरवावा आणि त्वचेवर लाल डाग कोठे उमटले आहेत ते स्वतः पाहावे.

शक्य असल्यास बूट सकाळच्या गर्दीत न घेता आदल्या संध्याकाळी घ्यावेत. दिवसभराच्या चालण्याने पाऊल त्या वेळी थोडे फुगलेले असते आणि दुकानदारालाही दुसरा, तिसरा जोड काढून देण्याइतकी सवड असते. हॉटेलच्या खोलीत तेच पातळ मोजे घालून, बकले लावून अर्धा तास बसावे, उठावे, गुडघे पुढे वाकवावेत. जेथे दुखते ती जागा पेनाने मोज्यावर खूण करून ठेवावी आणि सकाळी दुकान उघडताच ती खूण दाखवून बूट बदलून मागावा.